चॅनल कुणाच्या ईमेलवर?

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर काही बोलायला गेले की तू "आई, परत तेच?" म्हणतेस, म्हणून लिहितेय. खोली हवेशीर आहे, रेश्माला स्वयंपाक येतो, हे ऐकून बरं वाटलं. बाबा अजून घुश्श्यातच आहेत. पण रोज संध्याकाळी टीव्हीवर तुमचा म्हसवडच्या यात्रेचा व्हिडिओ लावतात. परवा गॅसवाला आला तर त्यालाही बसवून दाखवला, "शेवटी नाव येतं बघा" म्हणून.

तू, रेश्मा आणि ओंकार, तुम्हा तिघांची दोस्ती मला आवडते, हे आधी सांगते. ओंकारने तुझ्या बाजाराच्या व्हिडिओखाली "हा तराजू अजून वापरतात?" असं विचारलं, तू उत्तर दिलंस, मग तू त्याच्या किल्ल्यांवर गेलीस, तो तुझ्या बाजारात आला. त्याचे बघणारे तुझ्याकडे, तुझे त्याच्याकडे. शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करत नाही, तसंच की हे. इन्स्टाला एकच रील दोघांच्या नावावर लागते आणि लाइक दोघांचे मिळून मोजतात, हेही तूच दाखवलंस. भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनलसुद्धा २०१६ मध्ये सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन अशा तिघांनीच सुरू केलं, हे बाबांना तू किती ठसक्यात सांगितलंस!

पण आपापली चॅनल सांभाळून एकमेकांकडे जाणं निराळं आणि तिघांचं मिळून एक काढणं निराळं. ते कुणाच्या ईमेलवर आहे? नचिकेतला विचारलं मी. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं झालं की जाहिरातींचे पैसे सुरू होतात म्हणे, आणि ते एकाच कुणाच्या तरी खात्यात जातात. तिघांत वाटायचं काम तुमचं तुम्ही करायचं. यूट्यूब त्यात पडत नाही. बाकीच्यांना सेटिंगमधून मॅनेजर करता येतं, पण ओनर तो ओनर.

झालं माझं भाषण सुरू. राग मानू नकोस.

दिनूकाका तुला फारसे आठवत नसतील. लग्नाच्या शूटिंगला बाबा कॅमेरा धरायचे आणि काका हॅलोजन. ती लांबलचक वायर मांडवभर पसरलेली असायची. वऱ्हाडाच्या पायात येऊ नये म्हणून काका तिच्यावर स्वतःच्या चपला ठेवायचे आणि अनवाणी फिरायचे. नवरी रडायला लागली की काका लाइट हळूच दुसरीकडे वळवत, मग कॅसेटमध्ये नुसता अंधार. बाबा चिडायचे. घरी येऊन तोच अंधार लावून दोघं पोट धरून हसायचे, आणि मी मध्यरात्री पोहे टाकायची. तेव्हा आपल्याकडे पंखाही नव्हता, पण घर कसं भरलेलं वाटायचं.

शॉप ॲक्टचं लायसन्स काकांच्या नावावर निघालं, कारण त्या दिवशी बाबा आत्याकडे गेले होते. कारण एवढंच. पुढचं तुला माहीत आहे. वास्तुशांतीला काका आले नाहीत, बाबांनीही परत बोलावलं नाही.

तू मला त्या अमेरिकेतल्या स्मॉशचं उदाहरण देतेस. इयान आणि अँथनी, शाळेपासूनचे दोस्त, २००५ चं चॅनल. २०१७ ला अँथनी बाहेर पडला आणि २०२३ ला दोघांनी मिळून ते विकत घेतलं. बघ, दोस्ती टिकली, असं तुझं म्हणणं. अगं पण २०११ मध्येच ते कंपनीला विकून बसले होते, म्हणून तर स्वतःचंच चॅनल विकत घ्यायची पाळी आली ना?

ओंकारवर माझा अविश्वास नाही. दिनूकाकांवरही नव्हता. म्हणून म्हणते, आत्ता सगळं गोड आहे तोवर एका कागदावर लिहा: पैसे कसे वाटायचे, कॅमेरा कुणाचा, एखादा निघाला तर जुने व्हिडिओ कुणाचे. तिघांच्या सह्या. "दोस्तांत कागद कसला" असं तू जेवताना म्हणालीस, तेव्हा बाबा ताटावरून का उठले, ते आता कळलं असेल.

भाजीवाल्या मावशी काल म्हणाल्या, "बाजारवाली पोरगी तुमचीच ना?" कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत. मी नको नको म्हणत राहिले, पण खोटं कशाला, घेतली.

खोकला अंगावर काढू नकोस.

तुझी,
आई

ता. क. दिवाळीला दोघांनाही घेऊन ये. ओंकारला वेगळी, कांदा न घातलेली भाजी करीन. कागदाचं मी विचारणार नाही. बाबा विचारतील.