भराई थांबवणाऱ्या सुपरवायझर साहेबांना, मनापासून आभार

साहेब, तुमचं नाव इथे टाकत नाही, उगाच तुम्हाला कोणी बोलायला नको. वाचलंत तर कळेलच.

पावसाळाभर प्लॉटवर भिजलेला ओर, म्हणजे लोखंडाचं खनिज, वरून सुका दिसतो पण आत पाणी धरून बसलेला असतो. असले फाइन्स, म्हणजे बारीक ओर, होल्डमध्ये, बार्जच्या पोटात, गेले की इंजिनाच्या हादऱ्याने नि लाटेने चिखल होतो आणि मग गोव्यात आग्वादच्या बाहेर समुद्रात बार्ज जरा डोलली की सगळा माल एका अंगाला, तो काय परत येत नाय. २००९ ला एशियन फॉरेस्ट आणि ब्लॅक रोज ही एवढी मोठी जहाजं आपल्याच देशातला ओर भरून निघाली आणि बुडाली, तिथे आमच्या बार्जची काय कथा.

हेच मी आधी दुसऱ्या एका जेटीवर सांगितलेलं. तिथला माणूस पोरांसमोर म्हणाला, भीती वाटते तर घरी बस, आणि ड्राफ्टची खूण, म्हणजे बार्ज किती बुडेपर्यंत भरायची ती रेघ, पाण्याखाली जाईपर्यंत कन्वेयर चालूच. २०१२ ला खाणी बंद, २०१८ ला परत बंद, सगळ्यांचेच हाल झालेत, घाई समजते हो, पण खलाशाच्या जिवावर?

तुम्ही मूठभर ओर उचलून दाबलात, बोटांतून पाणी आलं, कन्वेयर बंद. एवढ्यासाठी पण आभार मानलेच असते. पण मनाला लागलं ते नंतरचं. माल कमी भरला की नाव सारंगाचं, म्हणजे बार्ज चालवणाऱ्याचं, येतं आणि ट्रिपचे पैसे आमचे कापतात, आजवर हेच बघितलंय. मी काही बोललो नव्हतो, तरी तुम्ही स्लिप मागून घेतलीत आणि स्वतःच्या हाताने लिहिलंत, 'माल ओला, भराई मी थांबवली', खाली सही आणि पूर्ण नाव. वरून फोन येणार हे तुम्हाला माहीत होतं, तो आलाही, आणि तुम्ही कोणावर ढकललं नाही. कसली चांगली माणसं असतात हो, आणि कोणी त्यांना साधं थँक्यू पण म्हणत नाही.

आमचे पैसे कापले गेले नाहीत. बार्जवरच्या सगळ्यात लहान पोराने घरी आईला तुमच्याबद्दल सांगितलं, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. पुढच्या खेपेला नंबर तुमच्याच शिफ्टला लागू दे, मग समोर येऊन बोलतो.