वाळवंटातला व्यापार रेघेने नाही, जकातीने अडला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अरब देशांच्या सीमांवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, नकाशे तर मस्तच, पण त्यातली एक गोष्ट काही केल्या पटेना. इंग्रजांनी वाळूत रेघा मारल्या नि हजारो वर्षं मोकळा चाललेला उंटांच्या काफिल्यांचा व्यापार एका झटक्यात बंद पडला, असं लेखकाने ठोकून दिलंय. ऐकायला भारी वाटतं, इंग्रजांना शिव्या घालायला कुणाची हरकतही नसते (माझीही नाही), पण निदान कुवेत नि सौदीच्या बाबतीत तरी असं झालेलं नाही. नोकरीनिमित्त कुवेतला होतो तेव्हापासून मला या विषयाचा नाद आहे म्हणून लिहितोय.

मुळात तो व्यापार "मोकळा" कधी होता? काफिला एका टोळीच्या भागातून जायचा तर त्या टोळीचा माणूस सोबत घ्यावा लागायचा, त्याला रफीक म्हणत, तो बरोबर असला की त्याचे भाऊबंद हात लावणार नाहीत अशी हमी, आणि पुढच्या टोळीची हद्द लागली की दुसरा रफीक. शिवाय जोरदार टोळ्यांना खुव्वा द्यायचा, म्हणजे संरक्षणाचे पैसे, आपल्याकडे त्याला सरळ खंडणी म्हणतील. नियम होते, फी होती, अडवणूकही होती, फक्त कागद नव्हता.

आता रेघांचं बघा. डिसेंबर 1922 मध्ये उकैर या समुद्रकाठच्या गावी बैठक झाली, तिथे इराकमधले इंग्रज हाय कमिशनर सर पर्सी कॉक्सने पेन्सिलीने सीमा आखून दिल्या. कुवेतचे शेख अहमद तिथे हजरसुद्धा नव्हते, त्यांच्या वतीने इंग्रजांचा पोलिटिकल एजंट मेजर मोर बसला होता, आणि इंग्रज-तुर्कांच्या 1913 च्या करारात कुवेतचा म्हणून दाखवलेला जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख नज्दच्या इब्न सौदकडे गेला (नज्द म्हणजे अरबस्तानचा मधला भाग, पुढे सौदी अरेबिया उभा केला तो याच इब्न सौदने). अन्याय झालाच, प्रश्नच नाही. पण त्याच बैठकीत दोन तटस्थ पट्टे, म्हणजे कुणा एकाचे नसलेले भाग, ठेवले गेले, सीमेजवळच्या विहिरींवर किल्ले बांधायचे नाहीत असंही ठरलं, कारण जनावरं पाण्याला जाताना नकाशा बघत नाहीत हे त्या लोकांनाही कळत होतं.

त्याहून महत्त्वाचा 1925 चा हद्दा करार, इब्न सौद आणि इंग्रजांचा प्रतिनिधी गिल्बर्ट क्लेटन यांच्यातला. नज्दमधले, विशेषतः कसीम भागातले व्यापारी उंट घेऊन दमास्कसपर्यंत जायचे आणि मध्ये आता इंग्रजांच्या ताब्यातलं ट्रान्सजॉर्डन (आजचं जॉर्डन) आलं होतं, मग करायचं काय? तर कलम 13 मध्ये लिहून टाकलं की नज्दच्या व्यापाऱ्यांना सिरियाला जायला-यायला कायम वाट मोकळी, मधल्या मुलखातून नुसता जाणारा माल असेल तर जकात नाही, मात्र तपासणी करू द्यायची, हा खरोखर व्यापारीच आहे असा आपल्या सरकारचा दाखला जवळ ठेवायचा आणि ठरलेल्या वाटेनेच आत शिरायचं नि बाहेर पडायचं. म्हणजे रेघ मारणाऱ्यांनीच रेघेत दार ठेवलं होतं! लेखात याचा उल्लेखच नाही.

मग कुवेतचा व्यापार कोणी मारला? तर शेजाऱ्याने, आणि तोही जकातीसाठी.

कुवेत शहराच्या तटाच्या आत सफात नावाचं मोठं मैदान होतं. नज्दचे बदू, म्हणजे वाळवंटातले भटके टोळीवाले, तिथे उंट बसवायचे, कातडी पिशव्यांतून आणलेलं तूप, लोकर, मेंढ्या विकायचे आणि तांदूळ, चहा, कॉफी, साखर, कापड भरून परत वाळवंटात जायचे, बरेचदा उधारीवर, पुढच्या हंगामात फेडतो म्हणून. या सगळ्या ये-जा करण्याला मुसाबला म्हणत. यातला बराचसा माल समुद्रातून, आपल्या मुंबईहून आलेला. तो कुवेतच्या बंदरात उतरला की जकात कुवेतचे शेख घ्यायचे, आणि नंतर तोच तांदूळ उंटावर लादून नज्दमध्ये गेला की इब्न सौदच्या हातात एक पैसा नाही. आपल्याकडे ऑक्ट्रॉय होता तेव्हा ट्रक कुठल्या नाक्यावर पावती फाडतो यावरून जी भांडणं व्हायची, अगदी तसलंच प्रकरण, फक्त इथे नाकाच नव्हता, चारी बाजूंनी वाळवंट.

तेव्हा सौदीत तेल नव्हतं, इब्न सौदला पैशाची चणचण. त्याचं म्हणणं असं की कुवेतने माझ्या वतीने जकात वसूल करून मला द्यावी, नाहीतर माझा माणूस कुवेतमध्ये बसवू द्यावा. शेख अहमद म्हणाले, माझ्या शहरात दुसऱ्याचा कारकून जकात घेणार तर मी शेख कशाला? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर वाटतं मला. शेवटी इब्न सौदने आपल्या टोळ्यांना कुवेतच्या बाजारात जायलाच बंदी केली, माल घ्यायचा तर माझ्या बंदरांतून घ्या, आणि ही नाकेबंदी 1920 च्या दशकात सुरू होऊन पुढची कितीतरी वर्षं चालली. 1930 मध्ये इखवान बंडखोर (इब्न सौदचेच कडवे लढवय्ये, त्याच्यावर उलटलेले) कुवेतच्या हद्दीत पळून आले तेव्हा शेखांनी त्यांना थारा दिला नाही, इंग्रजांनी त्यांचे म्होरके इब्न सौदच्या ताब्यात दिले, आता तरी नाकेबंदी उठेल अशी कुवेतला आशा होती. उठली नाही. त्यात जगभरची मंदी, जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी मोत्यांचा धंदा बसवलेला, म्हणजे कुवेतवर एकाच वेळी तिन्हीकडून मार. आणि हे सगळं होत असताना 1922 ची रेघ होती तिथेच होती, ती काही हललेली नव्हती.

तोडगा निघाला तो 20 एप्रिल 1942 ला, जेद्दाहमध्ये. मैत्रीचा, गुन्हेगार परत देण्याचा आणि व्यापाराचा, असे तीन करार झाले, कुवेतच्या वतीने सह्या इंग्रजांच्या. व्यापाराच्या करारात मुसाबलाला रीतसर मान्यता मिळाली, पण कुवेतहून निघणाऱ्या काफिल्याकडे परवाना नि मालाची यादी हवी. म्हणजे वीस वर्षं भांडून शेवटी उत्तर निघालं एका कागदाचं! हे 1925 सालीच का नाही झालं असं वाचताना राहून राहून वाटतं, पण मधली वर्षं प्रश्न पैशापेक्षा मानाचा होऊन बसला होता, आणि इंग्रजांनाही तो सोडवायची फारशी घाई दिसत नाही. उंटांच्या दृष्टीने तर उशीरच झाला. तोवर मोटारी आल्या होत्या, दमास्कस ते बगदाद नेर्न कंपनीच्या गाड्या 1923 पासूनच धावत होत्या, आणि 1946 ला कुवेतचं तेल जहाजावर चढलं तेव्हा तुपाच्या पिशव्यांची कुणाला पडली होती.

ही जुनी मढी कशाला उकरतोय असं कोणी म्हणेल. पण आखातातल्या सहा देशांनी 2003 मध्ये कस्टम्स युनियन केली, बाहेरच्या मालावर सरसकट 5 टक्के, पहिल्या बंदरात एकदाच भरायचे, आणि मग लगेच वाद सुरू की माल दुबईत उतरून रियाधला खपला तर पैसे कोणाचे! सफातमधल्या तांदळाचाच प्रश्न की हा. तुमच्या लेखकाने सीमांबद्दल लिहिताना एवढं जरी घेतलं असतं तरी लेख नुसता नकाशांचा राहिला नसता.

एक विनंती. या व्यापाराचं दुसरं टोक मुंबईत होतं, कुवेतच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या इथे होत्या, त्यांचा खजूर इथे उतरायचा, आणि कुवेतमध्ये 1961 पर्यंत चलन होता आपला रुपया (शेवटची दोन वर्षं रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला, कारण सोन्याच्या स्मगलिंगने बेजार केलं होतं). मुंबईच्या पुराभिलेखागारात जुन्या मुंबई सरकारची आखाताबाबतची दप्तरं आहेत. तुमचा एखादा वार्ताहर तिथे पाठवून या बाजूवर एक लेख करता आला तर बघा. आणि हो, नकाशात उकैर कुवेतमध्ये दाखवलंय, ते सौदीत आहे, हुफूफच्या जवळ समुद्रकाठी, तेवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली