ते चौदा कागद कुणी पाहिले?

महोदय,

विश्रामबागेत २२ वर्षं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या महिन्यात एक गृहस्थ मोबाईल घेऊन आले. "ताई, एवढे स्क्रीनशॉट काढून द्या." १४ पानं निघाली. त्यांचा नववीतला मुलगा बोलताना अडखळतो. वर्गाच्या ग्रुपवर रोज त्याला 'क-क-काय रे', खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. वेळ रात्री साडेअकरा, पाऊण. शेवटच्या पानावर 'उद्या गेटवर ये, दाखवतो.'

गेटवर पहिला हात याच मुलानं उचलला. कंपासपेटी तोंडावर बसली, समोरच्याचा दात पडला. शाळेनं याला आठवडाभर घरी बसवलं. ते कागद कुणी मागितलेच नाहीत.

हात उचलणं चूकच. पण आधीचे पंधरा दिवस त्या पोराला जे बसत होतं, तो मार नव्हता का? आमच्या वेळी शाळा सुटली की चिडवणंही सुटायचं. आता ते उशाशी येतं.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं '६६-अ' कलम रद्द केलं, म्हणून मोबाईलवरच्या धमकीला कायदाच नाही, असं कुणी समजू नये. भारतीय न्याय संहितेचं धमकीबद्दलचं ३५१ कलम तिथंही लागू होतं. मुलांसाठी मदतीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस, फुकट आहे.

मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती, चौकशी गेटपासून सुरू करू नका. आधीच्या पंधरवड्याचे मेसेज मागा, दोन्ही मुलांकडून.

त्या गृहस्थांकडून मी पैसे घेतले नाहीत. कागद पिशवीत घालताना त्यांचे हात थरथरत होते.

– एक झेरॉक्स दुकानदार, विश्रामबाग, सांगली