पहिल्या सामन्याला तुम्ही दोघं हवेत

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नाशिकला फुटबॉलचा संघ? आणि बघायला कोण येणार?" तेवढ्यात तिकडे बंगळुरूला दादाकडे कुणीतरी आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. तुमचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, कारण आमचा सगळा गट गेले कित्येक महिने एकमेकांना हेच विचारतोय. फोनवर उभ्या उभ्या सांगता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी खबर सांगते. इथले काही जुने खेळाडू, दोन-तीन प्रशिक्षक आणि अंबड-सातपूरकडचे काही कारखानदार मिळून क्लब उभा करताहेत. खेळाडूंशी लेखी करार, महिन्याचा पगार, पूर्णवेळ प्रशिक्षक, फिजिओ. म्हणजे नोकरी सांभाळून, रविवारी बूट घालून उतरणाऱ्यांचा संघ नाही. राज्य संघटनेकडे, म्हणजे विफाकडे, नोंदणीची कागदपत्रं चालली आहेत. नाव, रंग, मैदान यातलं अजून काहीच जाहीर झालेलं नाही. पाऊस उघडला की घोषणा करू, असं त्यांनी आम्हाला सांगितलंय. आम्ही सगळे आता पाऊस उघडायची वाट बघतोय.

'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगते. सिडकोतली कॉलेजची पोरं आहेत, अंबडच्या कंपनीत शिफ्ट करणारे आहेत, देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार आहेत, द्वारका चौकाजवळ बेकरी चालवणारा एक मल्याळी भाऊ आहे, मालेगावहून एसटीने येणारा एक मुलगा आहे, आणि आम्ही चार-पाच मुली. रविवारी सकाळी टर्फवर खेळून झालं की मिसळ खाताना चर्चा सुरू होते ती बारा वाजेपर्यंत संपत नाही. जर्सीच्या रंगावरून तर आठवडेच्या आठवडे वाद चाललाय. कुणाला गोदावरीचा निळा हवाय, कुणाला सिंहस्थाचा भगवा. माझं मत काळ्या द्राक्षाच्या जांभळ्याला आहे. तो रंग कुठल्याही मोठ्या संघाची नक्कल वाटणार नाही, आणि दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला तो लांबूनही ओळखू येईल.

बाबा, तुम्हाला क्रिकेटच कळतं असं तुम्ही म्हणता, म्हणून क्रिकेटमधलंच सांगते. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा 'ईगल नाशिक टायटन्स' हे नाव वाचून तुम्ही किती खूश झाला होतात! पण सामने झाले पुण्याजवळ गहुंज्याला. पुढच्या वर्षी गहुंज्याला, त्याच्या पुढच्याही वर्षी गहुंज्याला. आपण सगळे टीव्हीसमोर. लीगची सोय म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण नाशिकच्या पोराने षटकार मारला तर टाळ्या तिकडे वाजणार आणि इथे शेजारच्या घरात आवाजसुद्धा जाणार नाही. उलट इथे गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना असला की तुम्ही सकाळी डबा घेऊन निघायचात. समोर कोण खेळतंय याच्याशी तुम्हाला कर्तव्य नसायचं. सामना आपल्या गावात आहे एवढं पुरे असायचं. संघाकडून मला हवं आहे ते नेमकं हेच. नुसतं नाव नाशिकचं असून भागणार नाही, घरचे सामने नाशिकमध्ये झाले पाहिजेत.

फुटबॉलमध्येही हे घडलेलं आहे. आपल्यासारखंच नदीकाठचं, देवाधर्माचं गाव म्हणजे काशी. तिथे २०२३ मध्ये 'इंटर काशी' नावाचा क्लब निघाला. संघ चांगला बांधला होता. २०२४-२५ च्या आय-लीगचं, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगचं, विजेतेपद त्यांना मिळालं, तेसुद्धा स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत भांडून, २०२५ च्या जुलैत. पण तोवरचे घरचे सामने कुठे झाले? बंगालमध्ये, कल्याणीला. वाराणसीत लीगच्या निकषांत बसेल असं मैदान नव्हतं. विजेतेपदाचा संघ असून गावातल्या माणसाला चालत जाऊन तो बघता येऊ नये, ही गोष्ट मला फार लागली. म्हणून क्लबच्या लोकांशी पहिली बैठक झाली तेव्हा नावाच्या आणि रंगाच्याही आधी आम्ही मैदानाचं विचारलं. १०५ मीटर बाय ६८ मीटरची सपाट, निचरा होणारी हिरवळ, चार बाजूंना बसायची जागा, दिवे, खेळाडूंच्या खोल्या, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं. सगळं पहिल्याच दिवशी मिळणार नाही, हे आम्हालाही कळतं. सिंहस्थाच्या कामांनी सगळे रस्ते उकरून ठेवलेत, महापालिकेचं सगळं लक्ष २०२७ कडे आहे. तरीही बाकावर नाही तर मातीवर बसू, पण सामना इथेच व्हावा, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगून आलोय.

आजवर आम्ही मुंबई सिटी या संघाला आपलं मानून अंधेरीला जात आलो. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, दादरला उतरायचं, संध्याकाळपर्यंत कुठेतरी वेळ काढायचा. सामना संपता संपता साडेनऊ वाजतात. मग मिळेल ती गाडी, नाहीतर कसाऱ्याची लोकल आणि पुढे शेअर टॅक्सी. आई, तू त्या रात्री जागी असायचीस, ते मला माहीत आहे. त्या संघावर माझा जीव आहे. २०२१ च्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल केला तेव्हा मी केवढ्याने ओरडले होते, आठवतंय? पण तो अख्खा हंगाम कोरोनामुळे गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाला. मुंबई सिटीचा संघ पहिल्यांदा सुपर लीग जिंकला आणि स्टेडियममध्ये मुंबईचा माणूसच नव्हता. त्या वर्षी मला कळलं की आपण टीव्हीवर फक्त निकाल बघतो. संघ कळायला मैदानाच्या कडेला बसावं लागतं.

बघायला कोण येणार, याचं उत्तर आमच्या त्या बेकरीवाल्या भावाने दिलं. तो म्हणाला, त्याच्या गावाकडे देवळाचा उत्सव असो, लग्नाची मिरवणूक असो की फुटबॉलचा जल्लोष, 'नासिक ढोल'शिवाय होत नाही. खरंच आहे ते, केरळात आपल्या ढोलाची पथकंच्या पथकं तयार झाली आहेत. म्हणजे आपला ढोल हजार-बाराशे किलोमीटरवर दुसऱ्यांच्या विजयासाठी घुमतो आणि इथे तो गणपतीनंतर गोणपाटात बांधून ठेवतात! पंचवटीतल्या एका पथकाशी आम्ही बोललोय. गॅलरीच्या एका कोपऱ्यात नव्वद मिनिटं वाजवायला ती मुलं तयार आहेत, तेही बिदागी न घेता. गोल झाला की कुठला ठेका, कॉर्नर मिळाला की कुठला, याची त्यांनी तयारीही सुरू केली आहे. बाबा, एकदा त्यांचा सराव ऐकाल तर तुमचा प्रश्न तुम्हीच मागे घ्याल.

तुमची खरी काळजी वेगळी आहे, तीही मी ओळखून आहे. चार दिवस गाजावाजा आणि मग टाळं. ही भीती खोटी नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला बंद झाला. बालेवाडीला भगव्या जर्सीत येणारी मुलं एका उन्हाळ्यात बिनसंघाची झाली. महिंद्रा युनायटेडसारखा जुना संघही २०१० मध्ये गुंडाळला गेला. २०२५ मध्ये तर करार रखडल्यामुळे इंडियन सुपर लीगचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. अशा दिवसांत नवा क्लब काढणं म्हणजे धाडसच. पण यावरून मी एवढंच घेते की एका मालकाच्या हौशीवर संघ टिकत नाही. शहराने त्याला रोजच्या सवयीत घ्यावं लागतं. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी हंगामभराच्या तिकिटाचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवलेत, क्लबला नाव नाही तरी. सुरुवात राज्याच्या लीगपासून, म्हणजे अगदी खालून होणार. वर जायचा रस्ता आहे, पंजाब एफसी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये चढला, तसा चढलेला तो पहिला क्लब. पण द्राक्षाची बाग लावली की पहिल्या वर्षी कुणी घड मोजत नाही. आम्ही हरायला तयार आहोत. दोन वर्षं, चार वर्षं.

आणि खेळाडू? आपल्या जिल्ह्याने सावरपाड्याची कविता राऊत दिली, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दिला. दोघंही २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरांत अनवाणी पळणारी पोरं आहेत. त्यांच्यातल्या कुणाला दहाव्या वर्षी चेंडू मिळाला, बूट मिळाले आणि पुढे पगार मिळेल अशी वाट दिसली, तर विंगवर त्यांना धरणारा बचावपटू महाराष्ट्रात सापडायचा नाही. क्लबने शाळा-शाळांत फिरून मुलं निवडावीत, असा आमचा आग्रह आहे. बाहेरून चार परदेशी आणून पोस्टर छापण्यापेक्षा ते मला जास्त मोलाचं वाटतं.

आई, आता तुझ्याशी बोलते. बाबांना हे सगळं समजावून सांगावं लागतं, तुला नाही. शिवाजी पेठेत वाढलेल्या बाईला फुटबॉल काय असतो ते मी काय सांगू! शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम, आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की मामा दोन दिवस धड जेवत नसे, पीटीएम जिंकली तर मंगळवार पेठेकडून जाणं टाळत असे, हे तूच सांगितलंयस. कोल्हापुरात तालमीचा संघ असतो, म्हणजे तो गल्लीचा असतो, घराचा असतो. खेळाडू सकाळी दूध आणायला भेटतो. एवढं प्रेम असून कोल्हापूरचा संघ अजून सुपर लीगमध्ये नाही, ही खंत मामाच्या बोलण्यात नेहमी येते. आमच्या पोरांना हे सगळं तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्यांनी संघ आपला असणं म्हणजे काय ते फक्त इंग्लंडच्या सामन्यांत, टीव्हीवर बघितलंय. ते आपल्याच राज्यात, शाहू महाराजांच्या गावात कधीपासून आहे, हे त्यांना सांगायला तुझ्यासारखं माणूस हवं.

अजून एक गोष्ट तुझ्या जोरावर मी बैठकीत रेटून धरली. मुलींचा संघ पहिल्या हंगामापासूनच. "नंतर बघू" म्हणाले, तेव्हा मी कोल्हापूरचं उदाहरण दिलं. तिथल्या मुलींचा संघ २०१९-२० मध्ये इंडियन विमेन्स लीग खेळून आला. आणि २०२५ च्या जुलैत आपल्या बायकांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशिया चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. प्रेसच्या क्वार्टर्समागच्या मैदानात मी दादाच्या मित्रांबरोबर खेळायचे, तेव्हा शेजारच्या काकू तुला काय काय ऐकवायच्या, आणि तू त्यांना काय उत्तर द्यायचीस, ते मी विसरलेले नाही. दहावीनंतर माझं खेळणं सुटलं, कारण पुढे जायला संघच नव्हता. आता पंधरा वर्षांच्या मुली टर्फवर येतात आणि मला विचारतात, "ताई, आमची निवड चाचणी कधी?" त्यांना "नंतर बघू" असं मी सांगणार नाही. त्या बैठकीत हो म्हणालेत, लेखी यायचं आहे. ते येईपर्यंत मी पाठ सोडत नाही.

दादाला एक काम सांगा. तुम्ही बंगळुरूतच आहात तर कंठीरवा स्टेडियमवर सामना असेल तेव्हा तुम्हा दोघांना घेऊन जाऊ दे. बंगळुरू एफसी २०१३ मध्ये अगदी नवा निघाला आणि पहिल्याच हंगामात, आय-लीग हीच देशातली वरची लीग होती तेव्हा, ती जिंकला. पण तुम्ही खेळाडूंकडे बघण्याआधी पश्चिमेकडच्या गॅलरीकडे बघा. 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' म्हणून त्यांचे चाहते तिथे उभे राहून अख्खा सामना गातात. संघ नवा होता तेव्हा तीही चार-दोन मित्रमंडळीच असणार. बाबा, डॉक्टरांनी गुडघ्याला पायऱ्या नको म्हटलंय, तेव्हा खालच्या रांगेतली तिकिटं काढायला सांगा. आणि घरी आल्यावर मला सविस्तर लिहा: आत जायची सोय कशी आहे, वयस्कर माणसांना कुठे बसवतात, पाणी, स्वच्छतागृह, बाहेर पडताना गर्दी कशी सोडतात. थट्टा करत नाही, क्लबला द्यायच्या निवेदनात मला ते घालायचंय. हिशेबाची वही लिहावी तसं बारकाईने तुमच्याइतकं कुणी लिहीत नाही.

आणि परत कधी येताय ते ठरवा. घोषणा झाली की पहिल्या सामन्याची तारीखही लगेच कळेल. बंगळुरूहून विमान थेट ओझरला येतं, मी घ्यायला येईन. आई, मामालाही कोल्हापुराहून बोलावते आहे, त्याला तूही एक फोन कर, माझं ऐकून तो हो म्हणेल पण निघणार नाही. तुमच्या तिघांची नावं मी यादीत घातली आहेत. बाबांसाठी पाठ टेकायची खुर्ची लागेल, तेही लिहून दिलंय. तारखा कळवा, तिकिटं मी काढते.

बाबा, बी.पी.ची गोळी वेळेवर घ्या. वहिनीला आणि पिल्लूला खूप प्रेम.

तुमची,
मनू