हिशेबाची वही कोणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बँका, मोबाइल ॲप आणि नव्या वित्त-तंत्रज्ञान कंपन्या यांच्यातल्या स्पर्धेबद्दल हल्ली पुष्कळ लिहून येते. सोय, वेग, व्याज, सवलती या सगळ्यांची त्यात चर्चा असते. एक गोष्ट मात्र सुटते, आणि माझी नोकरीची बरीच वर्षे त्याच एका गोष्टीत गेली म्हणून हे पत्र लिहीत आहे. ग्राहकाचे पैसे किती आहेत हे जिच्यात लिहिलेले असते ती वही कोणाकडे आहे, आणि ती रोज कोण जुळवते?

मी बँकेतून निवृत्त झाले. त्यातला मोठा काळ ताळा जुळवण्याच्या कामात गेला. काउंटर बंद झाला की आमचे खरे काम सुरू व्हायचे. दिवसभराची व्हाउचर एका बाजूला, लेजर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाच्या चिठ्ठीवर फरकाचा आकडा. तो आकडा नऊने पूर्ण भागला गेला, तर कुणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असावे, असा पहिला संशय. सम आकडा आला, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, कारण ती जमेला पडण्याऐवजी नावे पडलेली असू शकते. फरक अगदी किरकोळ असला तरी खिशातून भरून मोकळे व्हायची परवानगी नव्हती. नवख्या मुलांना हा हट्ट वाटे. पण दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन वर किरकोळ फरक दाखवतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा कुणी तसे म्हणत नसे. आकडा सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे.

संगणक आला आणि तासन्‌तासांचे हे काम क्षणात होऊ लागले. मला त्याचा मनापासून आनंद झाला, आजही आहे. तंत्रज्ञानाने बँकिंग बिघडवले असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझी तक्रार त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल आहे. वही आधी कागदावरून संगणकात गेली, तेव्हा ती बँकेतच होती. आता ती बँकेच्या बाहेर गेली आहे. ग्राहक पाहतो ते ॲप एका कंपनीचे, पैसे ठेवलेले दुसऱ्याच बँकेत, आणि या दोघांना जोडणारी, कोणाचे किती ही नोंद ठेवणारी तिसरीच कंपनी. बँकेच्या स्वतःच्या लेजरमध्ये हजारो लोकांचे पैसे एकाच एकत्रित खात्यात एकच आकडा म्हणून दिसतात. त्या आकड्यात कोणाचा वाटा किती, हे फक्त मधल्या कंपनीला माहीत.

अमेरिकेत सिनॅप्स नावाची अशीच एक मधली कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. वेगवेगळ्या ॲपमधून बचत करणाऱ्या लाखाहून अधिक लोकांचे पैसे अडकले. बँका चालू होत्या, ॲपच्या पडद्यावर शिल्लकही दिसत होती, पण पैसे काढता येत नव्हते, कारण सिनॅप्सच्या नोंदी आणि बँकांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्त बाईंनी तूट ६.५ ते ९.६ कोटी डॉलरच्या दरम्यान असल्याचे सांगितले. या बाई पूर्वी अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे विषय त्यांना नवा नव्हता. तरीही त्यांना तुटीचा एक नक्की आकडा देता आला नाही, ‘इतके ते इतके’ असेच सांगावे लागले. ज्या हिशेबात फरकसुद्धा नक्की सांगता येत नाही, तो किती दिवस जुळवलेला नसेल याचा विचार करा. हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या ग्राहकांना वाटत होते की आपल्या ठेवींना सरकारी विमा आहे. ॲपच्या जाहिरातीतही तसा उल्लेख असे. पण तो विमा बँक बुडाली तर लागू होतो. इथे बँक बुडाली नव्हती, बुडाली होती मधली कंपनी. मग विमा कसला? सामान्य माणसाने हा फरक ओळखावा अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तो ॲपवर बँकेचे नाव पाहतो आणि विश्वास ठेवतो. तो विश्वास बँकेने कमावलेला असतो आणि वापरणारे दुसरेच असतात.

नियमनाची अडचण इथेच आहे. नियम पाटी पाहून लावले जातात, काम पाहून नाही. जर्मनीतल्या वायरकार्ड या डिजिटल पैसे-व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीचे उदाहरण घ्या. २०१८ मध्ये तिथल्या प्रमुख शेअर निर्देशांकात ती दाखल झाली, आणि ती दाखल होताना बाहेर पडली ती १८७० साली स्थापन झालेली कॉमर्झबँक. नवे जुन्याला कसे मागे टाकते याचे कौतुक झाले. देशाच्या वित्तीय नियामकाने मूळ कंपनीला तंत्रज्ञान कंपनी मानले होते, थेट देखरेख होती ती फक्त तिच्या मालकीच्या बँकेवर. जून २०२० मध्ये कळले की ताळेबंदात दाखवलेले १९० कोटी युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत. फिलिपिन्समधल्या ज्या दोन बँकांत ते आहेत असे सांगितले जात होते, त्या बँकांनी कागद खोटे असल्याचे कळवले. शिल्लक-दाखला थेट बँकेकडून मागवायचा, मधल्या माणसाच्या हातून आलेला घ्यायचा नाही, हे आमच्याकडे नवशिक्या कारकुनालाही शिकवले जाई. पाटीवर ‘तंत्रज्ञान’ लिहिलेले असले की ही साधी शिस्तही मागे पडते.

यावर ठरलेले उत्तर येते: नियम कडक केले तर नवे खेळाडू येणार नाहीत आणि जुन्या बँका पुन्हा सुस्त होतील. जुन्या बँका सुस्त होत्या, हे मी आतून पाहिले आहे आणि कबूल करते. पण हिशेब जुळवायला लावल्याने स्पर्धा मरत नाही. केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली ती एका मोबाइल कंपनीने. तिच्याकडे बँकेचा परवाना नव्हता. पण ग्राहकांच्या मोबाइल खात्यांत जितकी रक्कम, तितकीच रक्कम बँकेतल्या विश्वस्त खात्यात ठेवणे तिला भाग होते. बँकेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी त्यातून पैसे पाठवले, साठवले. बँकांना खरी स्पर्धा तिथे मिळाली, आणि तीही एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूशी जुळता ठेवून.

स्पर्धेबद्दल आणखी एक. रस्ता सगळ्यांना खुला केला की स्पर्धा आपोआप होते, हा समजही तपासून पाहायला हवा. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने २०२० मध्ये पिक्स ही झटपट पैसे पाठवायची यंत्रणा सुरू केली, भारतात २०१६ पासून यूपीआय आहे. कोणत्याही बँकेचा ग्राहक कोणत्याही ॲपमधून पैसे पाठवू शकतो, ही कल्पना मला अतिशय आवडते. तरी यूपीआयचे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार दोन ॲपमधून होऊ लागले. एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत, असा नियम २०२० मध्ये ठरला, त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरपर्यंत नेली गेली. यात मी त्या दोन ॲपना दोष देत नाही. लोकांना ती आवडली. पण मर्यादा वेळीच लागू केली नाही की नंतर ती लावणे ग्राहकांनाच शिक्षा वाटू लागते, आणि मग नियामकाचे हात बांधले जातात.

वेगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. रांग वाईटच, पण रांगेला वेळ लागतो आणि त्या वेळात काहीतरी करता येते. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघून गेले, म्हणजे एकूण ठेवींच्या साधारण पाव. दुसऱ्या दिवशीसाठी आणखी १०० अब्जांच्या मागण्या तयार होत्या. रांग कुठेच नव्हती, होते ते फोन. दुसऱ्या दिवशी बँक बंद करावी लागली. नियामक तिमाही विवरणपत्रे वाचत बसला, तर अशा वेळी तो शवविच्छेदनच करू शकतो.

वेगवान व्यवहारांच्या दोन्ही बाजू जुळत्या ठेवणे जमण्यासारखे नाही असे मात्र कुणी म्हणू नये. १९७४ मध्ये जर्मनीतली हेरस्टॅट बँक बंद केली गेली, तेव्हा तिने जर्मन मार्क घेतले होते आणि त्यांच्या बदल्यात न्यूयॉर्कमध्ये द्यायचे डॉलर दिले नव्हते, कारण तिथे अजून सकाळच होती. व्यवहाराची एक बाजू पडली, दुसरी पडलीच नाही. त्याच वर्षी बँकांवरील देखरेखीसाठी अनेक देशांची बाझल समिती स्थापन झाली, आणि २००२ पासून दोन्ही चलने एकाच वेळी हाती पडतील अशी यंत्रणा परकीय चलनाच्या मोठ्या बाजारात चालू झाली. ते काम तंत्रज्ञानानेच केले. वेळ लागला २८ वर्षे, ही खंत आहे.

एक अनुभव माझा स्वतःचा. मध्यंतरी मी एका ॲपमधून पाठवलेली रक्कम खात्यातून गेली, पण समोरच्याला पोचली नाही. ॲपवाले म्हणाले, बँकेला विचारा. बँक म्हणाली, आमच्याकडे व्यवहार यशस्वी दिसतो, ॲपला विचारा. दोघांनी वेगवेगळे तक्रार क्रमांक दिले. मी पासबुकाचा उतारा आणि पडद्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवून दोघांनाही पाठवला. अकराव्या दिवशी पैसे परत आले, कारण कुणीच सांगितले नाही. मला पैशांची तितकी चिंता नव्हती. माझ्या जिवाला लागले ते हे की दोन्ही वह्या एकत्र उघडून बसणारा एकही माणूस त्या साखळीत नव्हता. त्या अकरा दिवसांत ती रक्कम कोणाच्या खात्यावर कोणत्या नावाने पडून होती, हे मला आजतागायत कळलेले नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जो ग्राहकाचे पैसे घेतो किंवा त्यांची नोंद ठेवतो, त्याला बँकेसारखाच रोजचा ताळा बंधनकारक असावा, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. एकत्रित खात्यात कोणाचे किती, याची अद्ययावत प्रत बँकेकडे असावीच. म्हणजे मधली कंपनी उद्या बंद पडली तरी बँक प्रत्येकाला त्याचा वाटा देऊ शकेल. सिनॅप्सनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने साधारण असाच नियम प्रस्तावित केला. त्यात हिशेब रोज जुळवण्याची अटही होती. आणि तक्रार आली तर ग्राहकाने ज्याच्याशी व्यवहार केला त्यानेच ती घ्यावी, पैसे द्यावेत आणि मग साखळीत मागे कोणाची चूक होती ते आपसांत निस्तरावे. ग्राहकाला दारोदार फिरवू नये.

छोट्या कंपन्यांना हा खर्च जड जाईल, असे म्हणतात. आम्ही हे काम पेन्सिलीने करत होतो. आज एका रात्रीत कोट्यवधी नोंदी जुळवणारी यंत्रे हाताशी आहेत. अब्जावधी व्यवहार चालवण्याइतकी ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांना संध्याकाळी तेच व्यवहार जुळवणे परवडत नाही, हे मला पटत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. नवे ॲप, नवी डिजिटल बँक किंवा नवी भागीदारी यांची बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी त्या कंपनीला दोन प्रश्न जरूर विचारावेत: ग्राहकांच्या नावानिशी वही कोणाकडे आहे, आणि ती बँकेच्या वहीशी शेवटची कधी जुळवली? उत्तर मिळाले तर छापावे. मिळाले नाही तर तेही छापावे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी