विमानातले हादरे आणि ढिला सीटबेल्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर–पुणे विमान वाटेत जोरात हलले, आता पंख तुटतो की काय असे वाटले, असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात आले आहे. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर असे प्रश्न वारंवार कानावर येतात. त्या दुर्घटनेचा हवेतल्या हादऱ्यांशी संबंध नव्हता, पण भीती असे हिशेब करत बसत नाही.

आधी पंखांचे. प्रवासी विमानाचा सांगाडा नेहमीच्या भाराच्या अडीच पट ताण सोसेल असाच बांधावा लागतो. त्यावर आणखी दीडपट, म्हणजे पावणेचार पट भार तो तुटल्याशिवाय पेलतो, हे सिद्ध करावे लागते. २०१० मध्ये बोइंग ७८७ चे पंख अशा चाचणीत टोकाशी सुमारे साडेसात मीटर वर वाकवले होते. आपल्याला कासावीस करणारे बहुतेक हादरे भारात अर्ध्या पटीचाही फरक करत नाहीत. खिडकीतून पंखाचे टोक वरखाली होताना दिसते, ते व्हायलाच हवे. पंख ताठ असते तर तोच धक्का आपल्या पाठीत बसला असता.

विमान 'हजार फूट कोसळले' असे प्रवासी सांगतात, तेव्हा ते बहुधा काही फूटच खाली आलेले असते. मे २०२४ मध्ये लंडन–सिंगापूर विमान म्यानमारवर हादऱ्यांत सापडले, तो प्रसंग अतिशय गंभीर होता. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. तिथेसुद्धा उंचीतली घट १७८ फूट होती. घात केला तो वेगाने: जेमतेम ०.६ सेकंदात भार नेहमीच्या अधिक १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर गेला. उणे भार म्हणजे पट्टा न बांधलेला माणूस सरळ छतावर, आणि पुढच्या चार सेकंदांत पुन्हा खाली. विमान बँकॉकला नीट उतरले.

वैमानिकाला आधी कळत नाही का? रडारला ढगातले पाणी दिसते, त्यामुळे वादळी ढग शक्यतो वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांबून टाळतात. निरभ्र हवेतला हादरा मात्र रडारवर उमटत नाही. तिथे पुढे गेलेल्या विमानाने नियंत्रण कक्षाला दिलेली खबरच कामी येते. मग उंची बदलतात, वेग थोडा उतरवतात. वेग उतरवताना इंजिनाचा आवाज बसतो. नेमके तेव्हाच 'इंजिन बंद पडले' म्हणून शेजारच्याचा हात घट्ट धरला जातो! एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असताना पायाखालून करवतीसारखी घरघर येते, तीही निरुपद्रवी. दोन हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांतला दाब सांभाळणाऱ्या पंपाचा तो आवाज.

आपल्या नागपूरपुरते एक व्यवहाराचे सांगतो. एप्रिल-मे महिन्यात, त्यातही नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि खालचे काही हजार फूट विमान डुचमळत राहते. त्याच सुमारास अवकाळीचे ढगही जमतात. भित्र्या प्रवाशाने सकाळचे पहिले विमान घ्यावे. हवा तेव्हा शांत असते. सीट पंखाजवळची घ्यावी, शेपटीकडे हेलकावे जास्त. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले तरी घाबरू नये. वारा फिरला किंवा धावपट्टी मोकळी नसली की वैमानिकाने तेच करायचे असते, आणि त्यासाठी इंधन हाताशी असते.

आता पट्टा. तो पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. सीटबेल्टचे चिन्ह विझले तरी बसल्या जागी बांधलेलाच ठेवा. पांघरूण घेतले असेल तर पट्टा त्याच्यावरून बांधा, म्हणजे तो पाहण्यासाठी कर्मचाऱ्यांना तुम्हाला उठवावे लागत नाही. मांडीवरच्या बाळासाठी वेगळा छोटा पट्टा मागून घ्या. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळले, तर धक्क्यात आपले सगळे वजन त्याच्यावर येते. गरम चहा आणि उघडा लॅपटॉप हादरे सुरू होताच आवरा. स्वच्छतागृहात जायचे ते चिन्ह विझलेले असताना. पेटल्यावर रांग लावू नका.

आपल्या सोनेगाव विमानतळावर चाके टेकली रे टेकली की निम्मे विमान उभे राहते, वरचे कप्पे धडाधड उघडतात. विमान तेव्हा चालतच असते. समोर सामानाची गाडी आली आणि ब्रेक दाबावा लागला, तर दहा किलोची बॅग कोणाच्या डोक्यावर पडेल, हे कप्पा उघडणाऱ्याने पाहावे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
नागपूर