परतीचा रस्ता कुठे बंद होतो? लिथोच्या खोलीतल्या काकांना पत्र

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय म्हणून रागावू नका. फोनवर आभार मानायला गेले असते तर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणत विषय संपवला असता आणि फोन काकूंच्या हातात दिला असता. इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही. नातीला सांगा, ती मोबाईलवर वाचून दाखवेल.

चारचौघांत लिहिण्याचं आणखीही एक कारण आहे. प्रदर्शनात चित्राशेजारच्या पट्टीवर चित्रकाराचं नाव असतं, साल, माध्यम, आकार असतो, चित्र कुणाच्या संग्रहातलं तेही असतं. लिथोत, म्हणजे दगडावरून चित्र छापताना, दगड घासणाऱ्याचं, शाई लावणाऱ्याचं, प्रेस ओढणाऱ्याचं नाव मी तरी आपल्याकडे क्वचितच पाहिलंय. अमेरिकेत टॅमरिंड नावाची लिथोची कार्यशाळा आहे. जून वेन या चित्रकर्तीने ती 1960 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली, दहा वर्षांनी ती अल्बुकर्कला गेली. तिथे छापणाऱ्याचा स्वतःचा बारीकसा ठसा असतो आणि तो कागदावर दाबून उमटवतात. तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रिंटांवर असा काही ठसा नाही. तुमचं नाव तुम्ही मला इथेही घालू दिलं नसतं, म्हणून घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी तुमच्याकडे आले ती काही चित्रकार म्हणून नव्हे. शाळेतल्या मुलांना प्रदर्शनं दाखवायचं काम नुकतंच मिळालं होतं. मोठी माणसं चित्रापुढे उभी राहिली की अर्थ विचारतात. मुलं विचारतात, "ताई, हे केलं कसं?" अर्थांचा साठा माझ्याकडे भरपूर होता, भिंतीवरच्या मजकुरात तोच तर असतो: स्मृती, विस्थापन, अस्मिता, महानगर. केलं कसं, याच्या नावाने मात्र "लिथोग्राफ, कागदावर" एवढे दोन शब्द. पाचवीतल्या मुलाने त्याचं काय करायचं? कुणीतरी म्हणालं, लिथोच्या खोलीत जा, काका सांगतील.

तुम्ही सांगितलं काहीच नाहीत. दगड घासायला लावलात. बव्हेरियातल्या सोल्नहोफनच्या खाणीतला तो चुनखडीचा दगड, एकटीला हलवता येईना असा. दोन दगड तोंडाला तोंड लावून, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून वरचा दगड गोलगोल फिरवत राहायचा. आधी जाड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. माझे खांदे भरून आले तरी तुम्ही "अजून" म्हणायचात. आधीच्या कुणाचं चित्र डोळ्यांना दिसेनासं झालं तरी त्याचं तेल दगडात उतरलेलं असतं. "कमी घासलंस तर तुझ्या चित्रात त्याचा माणूस येऊन उभा राहील," हे तुमचं वाक्य मी आजही जसंच्या तसं मुलांना ऐकवते. त्यांना ते भुताच्या गोष्टीसारखं वाटतं आणि खरं तर आहेच ते तसं.

मग तेलकट खडूने मी सायकल काढली. तुम्ही तिच्यावर राळ भुरभुरवलीत, शंखजिऱ्याची पूड फिरवलीत आणि डिंकाच्या पाण्यात नायट्रिकचे थेंब टाकून ते सगळ्या दगडावर लावलंत. आणि नंतर टर्पेंटाईनचा बोळा घेऊन माझी सायकल पुसून टाकलीत! मी ओरडलेच. दगड जवळजवळ कोरा. तुम्ही शांतपणे स्पंजाने पाणी फिरवलंत, शाईचा रोलर एकदा, दोनदा, तीनदा ओढलात आणि सायकल खालून वर आली, काळीभोर, प्रत्येक स्पोकसकट. जिथे खडू लागला होता तिथे तेल बसलेलं, तिथे पाणी ठरत नाही. बाकी दगड ओला, तो शाईला जवळ करत नाही. कोरणं नाही, खोदणं नाही, सपाट दगडावर नुसतं तेल आणि पाण्याचं भांडण. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी याच भांडणातून आलेली, हेही तुम्हीच सांगितलंत. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा प्रेस होता, तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड लागायचा. घरोघरी पोचलेल्या त्या लक्ष्मीमागे किती जणांचे खांदे भरून आले असतील, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता.

आणि हात पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "ॲसिड लावेपर्यंत तू मोकळी होतीस. त्यानंतर थोडं खरवडता येतं, थोडं भरता येतं, पण ती डागडुजी. प्रत्येक कामात असा एक टप्पा असतो, तिथून परत फिरता येत नाही. तो कुठे आहे ते बघायचं, मग काम कळतं."

या एका वाक्यासाठी हे पत्र आहे, काका. अर्थाच्या मागे न लागता चित्राजवळ जायची वाट मला त्यातून सापडली. तेव्हापासून कुठलंही काम बघितलं की मी आधी ती जागा शोधते.

चित्रकर्ती झरीना हाशमींचं 2001 सालचं एक काष्ठछापाचं काम आहे, 'डिव्हायडिंग लाइन'. हातकागदावर एकच वाकडीतिकडी काळी रेघ, भारत-पाकिस्तानची सीमा. पहिल्यांदा बघताना वाटतं, एक रेघ तर आहे. पण काष्ठछापात रेघ काळी छापली जावी म्हणून ती लाकडावर उंच ठेवावी लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं कोरून काढावं लागतं. काढलेलं लाकूड परत बसत नाही. रेघेभोवती कागदावर छिलण्याचे बारीक ठिपके राहिलेत. याचं छायाचित्र दाखवून मी मुलांना सगळं सांगितलं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनी रेघ काढलीच नाही, बाकीचं काढून टाकलं." फाळणीवर मी आणखी काय बोलणार होते? मी पुढच्या चित्राकडे गेले.

चित्रकर्ती नलिनी मलानींच्या कामात हा टप्पा भलत्याच ठिकाणी येतो. प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्याच्या मागच्या बाजूने रंगवायचं, पुढून बघायचं. काचेवरची अशी चित्रं आपल्याकडे जुन्या वाड्यांतून असत. मलानींना ही रीत चित्रकार भूपेन खख्खर यांनी दाखवली. नेहमीच्या चित्रात डोळ्यातला चमकता ठिपका सगळ्यात शेवटी पडतो. इथे तो सगळ्यात आधी. मग बाहुली, मग डोळा, मग गालाचा रंग आणि पार्श्वभूमी शेवटी. पहिला फटकारा चुकला तर तो झाकता येत नाही, कारण तोच सगळ्यांत पुढे दिसणार. दार बंद करूनच घरात शिरायचं म्हणा ना! आणि एवढं सगळं बांधून घेतल्यावर त्या ते चित्र सोडून देतात. जर्मनीत कासेलला 2012 च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी मायलार या पातळ पारदर्शक प्लास्टिकचे पाच रंगवलेले दंडगोल छताला टांगून फिरते ठेवले, त्यांतून व्हिडिओचा प्रकाश सोडला आणि भिंतींवर सावल्या एकमेकींत मिसळत राहिल्या. कुठली सावली कुठल्या चेहऱ्यावर पडेल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

त्याच बाईंनी 1992 मध्ये मुंबईत, जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर तेव्हा असलेल्या केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर चित्रं काढली आणि काही दिवसांनी पुसून टाकली. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं डोळ्यांदेखत नष्ट होत होती, त्याचा तो निषेध. विकण्यासारखं काही उरलंच नाही. गॅलरीवाल्यांनी ते होऊ दिलं याचंही मला कौतुक वाटतं.

पुसण्यावरून विल्यम केंट्रिज आठवतो. जोहान्सबर्गचा, 1955 चा जन्म, 1989 पासून कोळशाच्या चित्रांच्या फिल्म करतोय. ॲनिमेशनवाले एकेका हालचालीला नवं चित्र काढतात. हा गडी एकाच कागदावर काढतो, कॅमेऱ्याजवळ चालत जाऊन एक-दोन फ्रेम टिपतो, परत येऊन थोडं पुसतो, थोडं बदलतो, पुन्हा कॅमेऱ्याकडे. दिवसभर ही येरझार. कोळसा पूर्ण पुसला जात नाही, त्यामुळे चालणाऱ्या माणसामागे त्याच्याच आधीच्या जागांचा धूसर माग राहतो. वर्णभेदाच्या देशात काय पुसलं गेलं आणि काय उरलं, हे सांगायला त्याला वेगळा मजकूर लागत नाही. तुम्ही हे पाहिलंत तर म्हणाल, "दगड नीट घासला नाही याने." आणि त्याने तो मुद्दामच नीट घासलेला नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते हाही कोळशाने काढतो. घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणींत गेलेल्या. भिंतभर माणसं, डोक्याच्या जागी दिवे किंवा यंत्रं, पायांखाली खणलेली जमीन. खाणीतला कोळसा दगडी आणि चित्रकाराचा जळक्या लाकडाचा, हा फरक तुम्ही लगेच काढाल, माहीत आहे मला. पण हात दोन्हीकडे सारखेच काळे होतात. ही भिंतीवरची चित्रं प्रदर्शन उतरलं की रंगाऱ्याच्या ब्रशाखाली जातात. इथे शेवटचा हात चित्रकाराचा नसतोच.

चित्रकार जितीश कल्लाटच्या 2003 च्या 'पब्लिक नोटिस'पुढे तर मुलं हटता हटत नाहीत, मी फक्त छायाचित्रं दाखवते तरीही. चौदा ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषण त्याने आरशासारख्या ॲक्रिलिकवर रबराच्या चिकट द्रावाने हाताने लिहिलं आणि अक्षरं पेटवून दिली. अक्षरं जळली आणि आरसाही उष्णतेने वेडावाकडा झाला. समोर उभं राहिलं की जळक्या शब्दांमधे आपलाच चेहरा वाकडा दिसतो. काडी ओढली तो टप्पा. आपण सांगायचीही गरज नसते, मुलं स्वतःच ओरडतात, "इथे! इथे!"

तैलचित्रापुढे मात्र हा प्रश्न थोडा लंगडतो. तेलात सगळं खरवडता येतं, वर पुन्हा रंगवता येतं, महिनोन् महिने मन बदलता येतं. तिथे खाली काय दडलंय ते एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट होते, त्यांनी कितीतरी वर्षं दिवसा लोकांचे एक्स-रे पाहिले आणि उरल्या वेळात लोअर परळ रंगवलं. हा योगायोग मला उगाचच आवडतो. त्यातून काही सिद्ध करायचं नाही.

आणि काही कामं अशीही भेटतात की टप्पा शोधायला जावं तर तो कारखान्याला ऑर्डर दिली त्याच दिवशी संपलेला. चकचकीत, मोठं, महाग, कुठेही हात अडखळल्याची खूण नाही. मोठं काम कारागिरांकडून करून घेण्यात वावगं काही नाही, रविवर्म्यांनीही करून घेतलं. पण वस्तूने कलाकाराला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही, हे बघणाऱ्याला जाणवतं. अशा कामांपुढे मी मुलांना फार वेळ थांबवत नाही. हे मत तुमच्याच खोलीत तयार झालंय, तेव्हा त्याचा दोष अर्धा तुमचा.

छापचित्रकार कृष्णा रेड्डींबद्दल तुम्ही एकदा तासभर बोलला होतात, तेही लिहायलाच हवं. आंध्रच्या खेड्यातून शांतिनिकेतन, तिथून पुढे पॅरिसची आतेलिए 17 ही छापचित्रांची कार्यशाळा, आणि तिथे एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग छापायची रीत त्यांनी सहकाऱ्यांसोबत घडवली. शाईत जवसाचं तेल कमीजास्त करायचं. कडक रोलरने पातळ शाई उंचवट्यांवर, मऊ रोलरने घट्ट शाई खाचांत. घट्ट शाई पातळ शाईवर बसत नाही, म्हणून रंग कालवले जात नाहीत. तुम्ही हे सांगताना हवेत रोलर फिरवत होतात. शिल्पकाराने पत्रा खोदला की असं होतं, म्हणालात. तुमच्या तोंडून कुणा चित्रकाराची स्तुती ऐकल्याचा तो बहुधा एकच प्रसंग.

आता एक अडचण आहे आणि ती तुमच्यापुढेच ठेवायला हवी. मलानी अलीकडे आयपॅडवर बोटाने चित्रं काढून त्यांची ॲनिमेशनं करतात, छोटी छोटी, एकमेकांवर रेघोट्या मारणारी. हे मी मुलांना सांगत असताना आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, टॅब्लेटवर तर प्रत्येक रेघ परत घेता येते. मग रस्ता कुठे बंद होतो?" मी म्हटलं, दुसऱ्याला पाठवलं की. मागून एक पोरगा म्हणाला, "नाही ताई, डिलीट फॉर एव्हरीवन असतं." सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर माझ्याकडे अजून नाही. तुम्ही स्क्रीनला हात लावत नाही हे ठाऊक आहे, तरी विचार करून कळवा. नातीलाही विचारा, तिला कदाचित आपल्या दोघांपेक्षा जास्त कळेल.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सायकलवाली

ता. क. मे महिन्यात सावंतवाडीला यायचं घाटतंय. राजवाड्यात अजून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात, ते बसून बघायचंय. तिथे रस्ता लाख चढवल्यावर बंद होत असावा, असा माझा अंदाज. तुमच्या गावाहून सकाळच्या एस.टी.ने याल का? तिथल्या कारागिरांना कसं विचारायचं ते तुम्हाला बरोबर जमेल.